लाईन नसलेलं हॉटेल

हे लिहीन लिहीन म्हणत आठवडा होत आला. दोन ओळी झाल्या की काहीतरी आडवं येतं... खरं तर येत नाही, मीच जाते. आज चप्पल तुटलीय, म्हणून बसलेय एकदाची.

तर गेल्या आठवड्यात मंगळवारी मी आत्याला दादरला जेवायला नेलं. आत्या काळाचौकीला राहते, परळच्या हॉस्पिटलात नर्स होती, आता रिटायर आहे. मी कॉलेज अर्ध्यात सोडून फिरतेय, कधी ट्रेकवाल्यांबरोबर, कधी कुणाच्या होमस्टेवर... आणि मुंबईत आले की मुक्काम तिच्याकडे.

यावरूनच बाबांनी तिच्याशी बोलणं टाकलंय. ते नाशिकला असतात, तिचे धाकटे भाऊ. "तूच तिला डोक्यावर बसवलंस," म्हणून पावसाळ्यात फोन ठेवला, तो ठेवलाच. आत्या मला काही बोलत नाही. पण रविवारी सकाळी त्यांचा फोन यायचा, त्या वेळेला ती अजून मोबाईल जवळ घेऊन बसते. दिसतं ना मला.

म्हटलं, तिला एक चांगलं जेवण तरी घालू. तर बाईंची अट, लाईनीत उभी राहणार नाही. "नळाला लाईन, रेशनला लाईन, आयुष्य गेलं त्यात. जेवायला नेतेयस तर थेट बसव."

आता दादर-गिरगावात जिथे मासे चांगले, तिथे बुकिंग घेत नाहीत. दारात नाव सांगायचं आणि आतल्यांच्या ताटांकडे बघत उभं राहायचं. ठाकूरद्वारला एक खानावळ बघून आले, तिथेही तेच. मग भलत्याच बसमध्ये चढले आणि कफ परेडच्या मच्छीमार नगरात वाळत घातलेले बोंबील बघत दुपार घालवली... असो.

शेवटी ॲपवर शोधलं. एकच हॉटेल असं, की कुठलीही वेळ टाका, टेबल आहेच. तेव्हाच शंका यायला हवी होती. पुढे 'प्रसंग कोणता' असं विचारलं होतं, त्यात बर्थडेला फुकट डेझर्ट दिसलं. दाबलं.

पहिल्या मजल्यावरचं हॉटेल, आत आम्ही दोघीच. समोरच्या फुटपाथवर मात्र दुसऱ्या हॉटेलची ही लांब लाईन. आत्याने खिडकीतली खुर्ची पकडली आणि सगळं जेवण ती लाईन बघत जेवली. सुरमई कोरडी, कालवणात खोबरं नावाला... "मासा बिचारा उगाच मेला," म्हणाली. पण खुशीत होती.

मग चार वेटर पेस्ट्रीवर मेणबत्ती लावून टाळ्या वाजवत आले. मी विसरलेच होते.

आत्याचा खरा वाढदिवस कुणालाच माहीत नाही. कागदावर एक जून आहे, तो शाळेत नाव घालताना मास्तरांनी टाकलेला... तिच्या वयाच्या अर्ध्या चाळीचा तोच. केक तिने उभ्या जन्मात कापला नव्हता. मला वाटलं, आता उठून जाते ही.

तिने माझ्याकडे बघितलं, मग त्या चौघांकडे. "एवढे उभे आहेत बिचारे," म्हणाली आणि फुंकर मारली. मग मला, "फोटो काढ. तुझ्या बापाला पाठव."

"खाली काय लिहू?"

"काही नको. मला वाढदिवस नाही, हे त्याला माहितीय. त्याला विचारू दे की."

पाठवला. निळ्या टिक्स आल्या... उत्तर नाही. दोन-तीन दिवस मीच सारखा फोन बघत होते, मग सोडून दिलं.

जेवण बेताचंच होतं, खोटं कशाला बोलू. पण तिथे कुणी उठा म्हणालं नाही. दुपार कलेपर्यंत बसलो, आत्या तिच्या नाईट ड्युट्यांचं, बाबांच्या लहानपणीचं काय काय बोलत राहिली. लाईनवाल्या हॉटेलात हे झालं नसतं, मागे माणसं उभी असती. त्या रिकाम्या हॉटेलचे आभारच मानते मी.

इथवर लिहिलं आणि दार वाजलं. आत्या उघडायला गेली, आणि बाहेरून आवाज आला... "जयभीम ताई. हे वाढदिवसाचं काय नवीन काढलंस?"

बाबा आलेत. नाशिकहून, न कळवता. आत्या आत ये म्हणायच्या आधी विचारतेय, "जेवलास का?"