तळहातावरचा भोवरा

काकांच्या हातावर मी कढत चहा सांडला, तेव्हा मी एक विनोद सांगत होतो. विनोद सांगताना माझे हात माझ्या ताब्यात राहत नाहीत, ही बायकोची जुनी तक्रार आहे. कप कलंडला, मी "मेलो, मेलो" म्हणून ओरडलो, आणि ज्यांचा हात भाजला ते काका शांतपणे म्हणाले, "मग? पुढं काय झालं?"

क्षणभर मला वाटलं, काय रंगलाय माझा विनोद! पण दारात त्यांचा मुलगा उभा होता. त्यानं आधी लाल झालेला हात पाहिला, मग बापाचा चेहरा.

"बाबा, हात भाजलाय तुमचा."

"हो का?" म्हणत काकांनी दुसऱ्या हातानं तो हात उचलला आणि कुणाची तरी विसरलेली वस्तू बघावी तसा निरखला.

काका म्हणजे आमच्या भिंतीपलीकडचे कातारी. यंत्रावर लाकूड फिरवायचं आणि पटाशी लावून त्याला गोल आकार द्यायचा, हा त्यांचा धंदा. पोटासाठी पलंगाचे पाय, जिवासाठी भोवरे. एके काळी गल्लीतलं प्रत्येक पोर काकांच्या भोवऱ्यापायी गुडघे फोडून घरी जायचं. आता गुडघे शाबूत असतात, माना मोबाइलमध्ये. भोवरा मागणारी एकटी त्यांची नात उरली. तिला ते 'साहेब' म्हणतात.

भोवऱ्याचं खरं काम शेवटी असतं. खाली लोखंडी आर ठोकायची, ती नेमकी मधोमध. केसभर कलली तरी भोवरा डुगडुगतो. ते कळण्यासाठी फिरता भोवरा तळहातावर घ्यावा लागतो. गेले कित्येक महिने काका तो नातीच्या हातावर सोडून विचारत होते, "साहेब, काय म्हणतोय?"

"ओरबाडतोय."

मग आर पुन्हा ठोकायची. आम्ही म्हणायचो, काय लाड चाललेत नातीचे! लाड कसले? आजोबांच्या हाताला काही कळतच नव्हतं. तिचा तळहात त्यांनी उसना घेतला होता.

मुलानं त्याच दिवशी यंत्राचा पट्टा काढला आणि कपाटात घालून कुलूप लावलं.

"ज्या हाताला चहा कळत नाही, त्याला पटाशी कळणार आहे?"

"आजवर लागली का कधी?"

"लागल्यावरच थांबायचं? मागं शर्टाची बाही फाटली, तेव्हा उंदरानं कुरतडली म्हणालात. मी उंदराचं औषध आणलं, बाबा!"

मला हसू फुटलं. बाकी कुणाला नाही.

पुढं काही दिवस भिंतीपलीकडून आवाज आला नाही. इतकी वर्षं त्या घरघरीला शिव्या दिल्या, आणि आता मलाच दुपारी डोळा लागेना. मी डोकावलो की काका धार लावलेल्याच पटाशीला धार लावत बसलेले. शेवटी एकदा ते मुलाला म्हणाले, "ती शिकेपर्यंत तरी चालू दे. तिला आर बसवता येऊ दे, मग मोडीत घाल ते यंत्र."

मुलानं लेकीकडे पाहिलं. "शिकेपर्यंत. तेही मी समोर असताना. नंतर कायमचं बंद."

तेव्हापासून तो कामावर जाण्याआधी स्टुलावर बसतो. चेहरा ऑपरेशन थिएटरबाहेर बसलेल्या नातेवाइकाचा. काका लाकूड कातून देतात, नात आर ठोकते. सुरुवातीला काका करवादायचे, "आर ठोकतेस की भिंतीत खिळा?" पण दिवसांमागून दिवस गेले तरी तिचं काही जमेना.

"अजून नाही आलं हिला?" मुलगा विचारतो.

"घाई कसली? मी शिकलो तेव्हा माझ्या बापाच्या शिव्या संपत आल्या होत्या."

काल मी तिथंच बसलो होतो, तेव्हा मुलाला फोन आला म्हणून तो बाहेर रस्त्यावर गेला. नातीनं भोवऱ्याला दोरी गुंडाळली, तो फेकला आणि वरच्यावर तळहातावर झेलला. तो फिरतोय की नुसता उभा आहे, कळेना. ती खुदकन हसली.

"साहेब?"

"गुदगुल्या करतोय, आजोबा."

दोघांनी दाराकडे पाहिलं. मग पोरीनं भोवरा उलटा धरला आणि नीट बसलेली आर बाजूनं हलकेच हातोडी मारून कलती केली.

मुलगा परत आला तेव्हा भोवरा दारुड्यासारखा झुलत होता.

"आजोबा, परत चुकलं."

"चुकणारच! लक्ष कुठं असतं तुझं?"

मुलगा उसासा टाकून स्टुलावर बसला. यंत्र सुरू झालं. काकांची बोटं फिरत्या लाकडाच्या जवळ सरकली, जरा जास्तच जवळ. सांगावं तर म्हाताऱ्याची सकाळ जाते. न सांगावं तर बोट. घरघरीत मुलाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं मी काकांच्या कानाशी वाकलो.

"काका, आलंय की तिला. आता पुरे करा ना."

काकांनी मान वळवली नाही. "बोललास, तर पुढचा चहा तुझ्या हातावर."