साहेबाने फेकलेल्या मुश्या

तो रविवार आठवला की अजूनही माझे डोके तापते. मी तेव्हा ठाण्याच्या कचेरीत कारकून होतो. इंग्रजी बऱ्यापैकी येई, म्हणून नवा साहेब सुटीच्या दिवशीही मला दुभाष्या म्हणून सोबत नेई. त्याला गळाने मासे धरण्याचा नाद. आमच्या घरात मासळीचे नावही काढत नसत, आणि मी मात्र कळव्याच्या बाजूला खाडीच्या बांधावर, त्याच्या आमिषाच्या डब्याशेजारी छत्री धरून उभा!

त्याला जिताडा हवा होता. पण गळ तळाला टेकला की मुशीच लागे. साहेब तिला शार्क म्हणे. पण ही हातभर लांबीची, तळच्या चिखलात पडून राहणारी, कोणाच्या वाटेला न जाणारी जात. त्या दिवशी ओळीने तीन लागल्या. दर वेळी साहेब शिवी हासडी, बुटाखाली तिला दाबून गळ उपसून काढी आणि बांधाखालच्या चिखलात भिरकावून देई. पाण्यातसुद्धा नाही, चिखलात. तिथे त्या उन्हात कल्ले हलवत पडल्या.

बांधाच्या दगडांवरची कालवे खरवडायला आलेली एक कोळीण हे पाहत होती. ती जवळ येऊन मला म्हणाली, "दादा, सायेब खानार नसंल तं त्या मुश्या मना द्या. सून बालंत हाय माजी. दूध येत नाय तिला."

बाळंतिणीला दूध यावे म्हणून कोळी मुशीचे कालवण देतात, हे मलाही ठाऊक होते. मी साहेबाला सांगितले. त्याने पाण्यावरची नजर काढली नाही.

"नाही म्हण. आज एकीला दिले तर उद्या सगळी वस्ती इथे गोंगाट करील."

एवढेच. पण मी एवढ्यावर थांबलो नाही. साहेबाला माझा दरारा दिसावा म्हणून ओरडलो, "ए, चल नीघ! लाज नाही वाटत भीक मागायला?"

तिने माझ्याकडे रोखून पाहिले. "सायबाची भास मना कलत नाय," ती म्हणाली, "तुमची कलते."

आणि सरळ चिखलात उतरून तिने दोन मुश्या टोपलीत टाकल्या.

"थांबव तिला," साहेब म्हणाला.

मी धोतर खोचून उतरलो. तिचा हात तिसरीकडे जाण्याआधी मी शेपटी पकडली. कातडी कानशीसारखी, तळहात सोलला. जन्मात पहिल्यांदा मासा हाती धरला, तो एका बाळंतिणीच्या तोंडचा काढून घेण्यासाठी! मी ती मुशी खाडीत फेकली. इतका वेळ उन्हात पडूनही ती जिवंत होती. शेपूट मारून गढूळ पाण्यात गडप झाली. कोळीण तोवर टोपली घेऊन बांधापलीकडे गेली होती.

साहेब हसून म्हणाला, "शाबास."

कुठल्याही शिवीने आला नसता एवढा संताप त्या शाबासकीने आला. घरी बायकोने विचारले, "हाताला काय झाले?" तर मी तिच्यावरच खेकसलो.

पुढच्या शनिवारी साहेबाने फर्मावले, "उद्या सकाळी सहाला."

"माझे काम कचेरीत आहे, साहेब. खाडीवर नाही."

महिन्याच्या आत माझी कल्याणला बदली झाली.

निघण्यापूर्वी त्या कोळिणीचे घर विचारत चेंदणीच्या कोळीवाड्यात गेलो. ती अंगणात सुकट पसरत होती.

"सून कशी आहे?" मी विचारले.

"बरी हाय." तिने मान वर केली नाही.

माफी मागायला तोंड उघडले, पण शब्द निघेना. साहेबाचे शब्द पोचवताना ही जीभ कधी अडखळली नव्हती.

"उनात उबं नका ऱ्हाऊ, दादा," ती म्हणाली. "जा आता."

मी निघालो.