जाहिराती ऐकणाऱ्या काकी

काकी चष्मा कपाळावर सरकवायच्या, डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "वाच गो. मोठ्यानं वाच."

वाचायची असे ती समाजमाध्यमावरची नोकरीची जाहिरात. 'ब्यूटी पार्लरसाठी मुली हव्यात. अनुभव नको. राहणं-जेवण आमच्याकडे.' पवईच्या संस्थेतल्या आमच्या खोलीत सहा संगणक होते आणि हुडहुडी भरेल इतका गार एसी होता. तिथे मी, संख्याशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेली मुलगी, अशा जाहिराती खड्या आवाजात वाचत असे. जोगेश्वरीहून बसने येणाऱ्या साठीच्या एक बाई शाल पांघरून त्या ऐकत. दारावरून जाणाऱ्या कोणालाही हे संशोधन आहे असं वाटलं नसतं. सुरुवातीला मलाही वाटत नव्हतं.

मुलींना फसवून नेणारे लोक समाजमाध्यमांचा वापर कसा करतात, हा आमच्या प्रकल्पाचा विषय होता. प्रकल्प सरकारी अनुदानावर चालत होता आणि त्याचा प्रस्ताव बराचसा मी लिहिला होता. सव्विसाव्या वर्षी आपल्या वाक्यांवर एवढं अनुदान मिळालं, याचा मला अभिमान होता आणि तो मी फारसा लपवत नसे. गेल्या काही वर्षांतल्या हजारो जाहिराती रीतसर परवानगीने जमवून आम्ही त्यांचं वर्गीकरण करणार होतो. खऱ्या जाहिराती आणि फसव्या जाहिराती संगणकाला वेगळ्या ओळखता याव्यात, त्यासाठी आधी माणसांनी त्या ओळखून दाखवायच्या. त्या कामासाठी क्षेत्र-सहाय्यक म्हणून काकी आल्या.

त्यांचे वडील कोकणातून येऊन गिरणीत लागलेले. गिरणी गेल्यावर कुटुंब जोगेश्वरी पूर्वेच्या एका चाळीत आलं. काकींनी पुढची पंचवीस वर्षं महिलांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत काढली. घरातून पळालेल्या, पळवलेल्या आणि परत आलेल्या मुलींबरोबर पोलीस ठाण्यात जाऊन बसणं, हे त्यांचं मुख्य काम. नेमणुकीच्या अर्जात 'विशेष प्रावीण्य' असा रकाना होता. काकींनी तिथे एकच शब्द लिहिला होता: चौकशी. कार्यालयाने तो अर्ज अपूर्ण म्हणून परत पाठवला. काकींनी तोच शब्द पुन्हा लिहिला, फक्त अक्षर मोठं काढलं.

मी वर्गीकरणासाठी एकवीस निकष तयार केले होते: पगाराचा उल्लेख, पत्त्याचा अभाव, विरामचिन्हांचा अतिरेक, वगैरे. काकींनी तो तक्ता शेवटपर्यंत शांतपणे वाचला.

"छान आखलायस," त्या म्हणाल्या. "आता सांग, ह्यात बोलतंय कोण?"

"म्हणजे?"

"अगो, कोणीतरी बोलतंय ना? ही बघ, ही मावशी आहे. 'घरच्यासारखं राहा.' हा मोठा भाऊ, हा कुठे अडू देणार नाही. हा साहेब, घाईत आहे. आणि ही मैत्रीण. मैत्रिणीला सगळ्यात जास्त घाबर."

मी हसले. मग उत्सुकता म्हणून त्यांचे हे चार आवाज माझ्या निकषांशेजारी ठेवून पडताळून पाहिले. पोलिसांत नोंद झालेल्या प्रकरणांशी त्यांचा मेळ माझ्या एकवीस निकषांपेक्षा चांगला बसला. मी पडताळणी तीनदा केली, कारण मला ते आवडलं नव्हतं.

"कसं ओळखता, काकी?"

"काम देणारा माणूस प्रश्न विचारतो, मगे. काय येतं, कुठे केलंस, कधीपासून येशील. हा बघ, एक प्रश्न नाही. नुसती उत्तरंच देत सुटलाय."

हा बाविसावा निकष झाला. आमच्या शोधनिबंधाचा बराचसा डोलारा आज त्याच्यावर उभा आहे. निबंधात त्याचं नाव अर्थातच वेगळं आणि लांबलचक आहे. काकींना ते वाचून दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "लोकांच्या पैशांवर काम करतेस ना? मग एक कागद लोकांना कळेल असाही लिव." मी लिहिला. वर्सोव्याला बोंबील वाळत घालणाऱ्या बायकांमध्ये बसून काकींनी तो मला वाचायला लावला. तिसऱ्या वाक्याला एक बाई म्हणाली, "पोरी, जरा मराठीत बोल ना." काकी इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

अनुदान समितीची माणसं पाहणीला आली, तेव्हा त्यांतल्या एका सदस्यांनी काकींना विचारलं, "या संशोधनाचा प्रत्यक्ष लाभ कोणता, असं तुम्हाला वाटतं?"

"साहेब, पोर गेल्यावर आम्ही चौकीवर बसतो. ही मात्र, पोर जायच्या आधीच बसते," माझ्याकडे बोट करून काकी म्हणाल्या. सदस्यांनी ते लिहून घेतलं नाही. मी घेतलं.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, की जी आपलं काम इतक्या सहजपणे करतात की त्यामागे काही दुखत असेल अशी शंकाही येत नाही. मला ती यायला हवी होती. नेमून दिलेल्या जाहिराती संपल्या की काकी घरी जात नसत. जुन्यात जुन्या जाहिराती उघडून बसत. एकदा मी म्हटलं, "काकी, या गटाचं वर्गीकरण झालंय. पुन्हा का बघताय?"

त्यांनी चष्मा काढून शालीच्या टोकाने पुसला.

"आमच्या चाळीत समोरच्या खोलीत एक पोर होती. बायो म्हणायचो. तिनं मोबाइलवर अशीच जाहिरात आणली. तिच्या आईला वाचता येत नाही. आई म्हणाली, काकींना दाखव. मी वाचून दाखवली. मोठ्यानं. म्हटलं, बरं दिसतंय, जाऊ दे."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"महिनाभर फोन आला. मग नाही. सहा वर्षं झाली. आईला शब्द आठवत नाहीत. माका आठवतात. 'आईची आठवण आली तर रडू नको, आम्ही आहोत.' ज्यानं हे लिवलं, त्यानं आणखी कुठेतरी लिवलं असणारच. ते सापडलं, की खाली नंबर असेल. तेवढाच धागा."

त्या दिवसापासून कामाची वेळ संपली की मीही बसू लागले. वाक्य तसंच्या तसं शोधायला संगणकाला क्षणभर लागला. ते मिळालं नाही. मग वाक्य मोडून, शब्द बदलून, हिंदीत, इंग्रजी लिपीत शोधलं. बऱ्याच जाहिराती चित्रांच्या स्वरूपात होत्या, त्यांतलं अक्षर संगणकाला वाचता येत नव्हतं. त्या डोळ्यांनीच पाहायच्या होत्या. आम्ही वाटून घेतल्या. काकी रोज किती झाल्या ते सांगत नसत, उरल्या किती ते विचारत.

पुष्कळ उरल्या होत्या, तेव्हा अनुदान समितीचं पत्र आलं. दुसऱ्या टप्प्यासाठी निधी मंजूर झाला नव्हता. पहिल्या टप्प्याचे निष्कर्ष समाधानकारक आहेत, त्यामुळे पुढच्या टप्प्याची निकड दिसत नाही, असा त्याचा आशय होता. चांगलं काम केल्यामुळे काम थांबलं, हा तर्क मी आजही दुसऱ्या कोणाला नीट समजावून देऊ शकत नाही.

आणि प्रस्तावात एक अट होती. प्रकल्प संपल्यापासून तीस दिवसांत, जमवलेल्या सर्व जाहिराती आणि त्यांखालचे प्रतिसाद नष्ट केले जातील. इतर प्रकल्प पाच वर्षांची मुदत मागतात. तीस दिवस मी घातले होते. मंजुरी देणाऱ्या नीतिसमितीवर छाप पडावी आणि प्रस्ताव लवकर सुटावा म्हणून. छाप पडली होती.

मुदतवाढीसाठी मी दोन अर्ज केले. काकींची नेमणूक संपली होती, तरी त्या रोज येत. सुरक्षारक्षक त्यांना अडवत नसे. त्याच्या बहिणीला आखातातून आलेलं नोकरीचं पत्र काकींनीच तपासून दिलं होतं. दोन्ही अर्जांना नकार आला.

तिसाव्या दिवशी दुपारी खोलीत आम्ही दोघीच होतो. मी दार लावून घेतलं.

"काकी, मी सगळं एका ड्राइव्हवर घेते. कोणाला कळणार नाही. तुम्ही घरी बसून बघा."

हे बोलताना माझा आवाज अगदी सरळ होता. पकडले गेले असते तर माझं सगळं करिअर तिथेच संपलं असतं. मला ते माहीत होतं आणि त्या क्षणी चालणार होतं.

काकींनी पडद्यावरची जाहिरात खाली सरकवली. तिच्याखाली मुलींचे प्रतिसाद होते. 'मला काम पाहिजे.' 'दीदी, मी बारावी झाली.' प्रत्येकीने नंबर दिलेला. काहींनी फोटो.

"ह्या कोणाच्या पोरी?" त्यांनी विचारलं.

मी खणातून ड्राइव्ह काढला.

"माझ्या कपाटात हे ठेवायचं? भाचा येतो, प्लंबर येतो, उद्या मी मेल्यावर कोण कोण येईल. एका पोरीसाठी एवढ्या पोरी उघड्यावर टाकू मी?" मग हलकेच म्हणाल्या, "एकदा मोठ्यानं वाचून चूक केली गो. पूस."

"उरलेल्यांत ती जाहिरात असली तर?"

"पूस म्हटलं ना."

मी आज्ञा दिली. पडद्यावर एक पट्टी भरत गेली. पट्टी पूर्ण भरेपर्यंत काकी उभ्या राहिल्या, एखाद्याला पोचवायला आल्यासारख्या. मग शाल घडी करून पिशवीत ठेवली, माझ्या गालाला हात लावला आणि बस पकडायला निघून गेल्या.

वर्षभराने दुसऱ्या एका योजनेखाली मी नवा प्रस्ताव लिहिला आणि तो मंजूर झाला. या वेळी मी मुदत पाच वर्षांची मागितली होती. माहिती कडीकुलपात कशी राहील, याची चार पानी व्यवस्था जोडली होती. काकींचं पद पूर्णवेळ, पहिल्याच पानावर. मधल्या काळात आमचे एक-दोन फोन झाले होते, मग माझंच राहून गेलं. आता नंबर लागत नव्हता. मी मुलुंडच्या माझ्या घरून थेट जोगेश्वरीला गेले.

चाळ नव्हती. पुनर्विकासाचं काम सुरू होतं आणि भोवती निळे पत्रे लागले होते. फाटकाशेजारच्या पत्र्यावर प्लास्टिकमध्ये घातलेला एक कागद चिकटवला होता. अक्षर काकींचं, मोठं काढलेलं.

'बायो, चाळ पाडली. आई बरी आहे, आम्ही एकत्र आहोत. समोरच्या किराणा दुकानात विचार.'

नंबर नव्हता. पत्ता नव्हता. मी समोरच्या दुकानात गेले.

"काकी कुठे राहतात आता?"

दुकानदाराने मला नीट न्याहाळलं. "बायोच्या आईचं माहेर कुठलं?"

"मला नाही माहीत. मी ती मुलगी नाही. काकी माझ्याबरोबर काम करायच्या." मी ओळखपत्र पुढे केलं.

"कार्ड सगळ्यांकडे असतं, ताई."

"निदान निरोप तरी द्याल? नवं काम मंजूर झालंय, एवढंच सांगा."

"काम मंजूर झालंय म्हणणारेच जास्त येतात." हे त्याने उद्धटपणे म्हटलं नाही. दुसऱ्या गिऱ्हाइकाची साखर बांधत म्हटलं. "निरोप घ्यायचा नाही, पत्ता द्यायचा नाही. ती मुलगी स्वतः आली, तीही एकटी, तरच. तसं कबूल केलंय मी."

 काकींना सांगायच्या बऱ्याच गोष्टी होत्या. आता चित्रांतली अक्षरंही संगणक वाचू लागला आहे, हे सांगायचं होतं. नव्या खोलीतला एसी बंद करता येतो, हेही सांगायचं होतं.

मी रस्ता ओलांडून बस थांब्याकडे वळले. मागे पाहिलं तेव्हा दुकानदार गल्ल्यावरून उठून पायरीवर आला होता. मी खरोखरच जाते आहे ना, हे तो पाहत होता. काकींनी त्याला तसंच सांगून ठेवलं असणार.