पाटी टेकवायचा ओटा

पनवेलच्या बाजारात आमच्या समोरच्या जुन्या कौलारू घराला छातीइतका उंच दगडी ओटा होता. एक मीठवाली रोज डोक्यावरची पाटी त्यावर सरकवायची, पदराने मान पुसायची आणि निघताना ती तशीच एकटीने उचलायची. कुणाचा हात लागू द्यायची नाही.

साठ सालच्या सुमारास ते घर पाडून तिथे तीन मजली इमारत झाली. बाजाराला केवढं कौतुक! मीठवाली सवयीने तिकडे वळली आणि भरली पाटी घेऊन उभीच राहिली. डोक्यावरच्या ओझ्यामुळे तिला वर बघताही येईना.

“भाऊ,” ती मला म्हणाली, “घर उंच झाला, पन पाटी टेकवाला जागा नाय ठेवली. जरा हात लाव.”

मी हात लावला. पाटी इतकी जड असेल असं कधी वाटलंच नव्हतं.