कोरड्या नदीतलं पाणी

त्या उन्हाळ्यात मी दत्तगुरूंशी बोलणंच टाकलं होतं. अमेरिकेत, अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्स शहराजवळच्या चँडलरला संसार मांडतो न मांडतो तोच नवरा आजाराने गेला. आमचं लग्न सासरी मान्य नव्हतं. सासूबाईंनी फोनवर सुनावलं, "तू इकडे येऊ नकोस आणि त्याच्या अस्थीही आणू नकोस." पोटच्या पोराबद्दल आई असं बोलते? बोलली. उत्तरेला नवाहो आदिवासींच्या मुलखात एक नदी आहे. मागच्या पावसाळ्यात आम्ही दोघांनी ती दुथडी भरून वाहताना पाहिली होती. तिथेच त्याला सोडायचं ठरवलं.

एकटीच ड्राइव्ह करत गेले. गाव कसलं, एक पेट्रोल पंप, हाडकुळी कुत्री आणि टूरिस्टांसाठी मण्यांच्या माळांचं दुकान. डोक्यावरून विजेच्या जाड तारा गेलेल्या. पंपावरचा माणूस हसून म्हणाला, "ती वीज तुमच्या फिनिक्सला जाते. आमच्याकडे कंदील." घरात नळ नाही म्हणून लोक पिकअपमध्ये पिंपं घालून पाण्याच्या रांगेत उभे. धरण उशाला, कोरड घशाला! दिवसभर एसी लावून बसणाऱ्या मला आपलीच लाज वाटली.

पुलाखाली उतरले, तर नदीत थेंब नाही. नुसती लाल वाळू. विदर्भात वाढलेली बाई मी, उन्हाळ्यात नद्या आटतात हे मला कुणी सांगायला हवं? पण अमेरिकेतली नदी म्हणजे बारमाहीच, असं धरून चालले होते. अस्थींची पेटी उराशी धरून मी दत्तांना तोंडाला येईल ते बोलले.

पिंप भरून घरी निघालेली एक म्हातारी माझं रडणं ऐकून गाडी थांबवून खाली आली. पेटीत काय आहे ते सांगताच झटकन मागे सरली. "मेलेल्याजवळ आम्ही जात नाही," म्हणाली.

"मग जा!" मी ओरडले. "आमच्यात पाण्यावाचून त्याची सुटका नाही. तहानलेलाच राहील तो, तुम्हाला काय त्याचं!"

ती चढून वर गाडीकडे गेली. गेली बया, म्हटलं. पण ती बादली भरून परत आली. बादली लांब ठेवली, तोंड फिरवून उभी राहिली आणि म्हणाली, "तहानलेल्याला ताटकळत ठेवू नये. घे."

मी अस्थी वाळूत सोडल्या, त्यांवर पाणी ओतलं. वाळूने ते घटाघटा पिऊन टाकलं. ती पुन्हा वर गेली, पुन्हा भरून आणली. लांबून आणलेलं, घरच्यांच्या पिण्याचं पाणी ते.

बादली परत द्यायला गेले तर तिने हात मागे घेतला. "ती तुझ्याकडेच ठेव. मला आता घरात जायच्या आधी विधी करून शुद्ध व्हावं लागेल."

म्हणजे आमचं सुतक ती जाणूनबुजून अंगावर घेऊन गेली. ज्याला जन्मदात्रीने नाकारलं, त्याच्यासाठी. मला तिचं नावही विचारायचं सुचलं नाही.

दत्तांवरचा माझा राग अजून पुरता गेलेला नाही, खोटं कशाला बोलू? पण ती बादली नळाखाली ठेवली की हात आपोआप जोडले जातात. आणि नळ मी लगेच बंद करते.