गुळानं मिटलेलं तोंड

गेल्या श्रावणातला पहिला बुधवार. पुस्तक पाचशे पन्नास रुपयांचं. परभणीतल्या घरात आम्ही दोघंच — मी आणि सौ. सुनंदा. एवढं खात्रीनं सांगता येतं. स्वप्न, संकेत असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता, म्हणूनच पुढचं लिहायला जड जातंय...

मुलीनं पाठवलेली ती कादंबरी चिनी पुराणकथांवर रचलेली. नदी पिऊन टाकणारे ड्रॅगन, माणसाचं रूप घेणाऱ्या कोल्हिणी! बावन्नाव्या वर्षी मी खुळावलो. तीत एक चुलीवरचा देव आहे. तो वर्षभर घरातलं बोलणं ऐकतो आणि वर जाऊन सगळं सांगतो. म्हणून निघायच्या आधी घरचे लोक त्याच्या ओठांना गोड, चिकट काहीतरी फासतात.

हे वाचायला मी चार दिवस रजा टाकली होती. त्या बुधवारी दुपारी पोखर्णीहून आईचा फोन आला. ती तिथं धाकट्या भावाकडं असते.

"दत्ता, डोळ्याचं कवा करायचं रे? उजव्यानं काईच दिसंना आता."

मोतीबिंदू. डॉक्टरांनी लवकर करा म्हणून सांगितलेलं.

"रजाच मिळंना गं आई. पुढच्या महिन्यात बघू." — पानात बोट ठेवूनच बोललो.

सुनंदा भाकरी थापत होती. "ऐकलं बरं का तुमच्या चुलीवरच्या देवानं! आता जातो वर सांगायला."

मी हसत हसत गुळाचा खडा ओला केला आणि गॅसमागच्या फरशीवर फासला. "घे बाबा. गप बस."

"लाज वाटू द्या जरा," ती म्हणाली. तेव्हा वाटली नाही.

गुरुवारी सकाळी दार वाजलं. आई! एकटीच काळीपिवळी जीपमधून आलेली. उतरताना पायरी दिसली नाही, गुडघा सोललेला.

"बरा हायस ना रे? पहाटं सपनात एक म्हातारा आला. धुरानं काळा झालेला. ओठाला गूळ चिकटलेला बघ... बोलायलाय, पण तोंडच उघडंना. नुसता तुझ्या घराकडं बोट करायलाय. माझा जीव लय घाबरला."

मी दारातच होतो, हातात पुस्तक. तिनं ते चाचपलं.

"पोथी लावलीस व्हय श्रावणाची? म्हणून घरी हायस! मंग तसं सांगायचं की, खुळ्या. पोथी अर्धी सोडू न्हाई. वाच तू. डोळा कुठं पळून जायलाय?"

आणि तिनं ते पुस्तक कपाळाला लावलं. ही पोथी नाही, हे सांगायला हवं होतं. गूळ माझ्याच तोंडाला लागला होता.

नंतर सुनंदाचा आणि भावाचा असे दोन्ही फोन तपासले. कुणीच कुणाला काही सांगितलेलं नव्हतं. आईला त्या देवाचं, त्या गुळाचं कुठून कळणार?

फरशी मी स्वतः कोमट पाण्यानं पुसली आणि उरलेली रजा दवाखान्यात घालवली. ऑपरेशन नीट झालं. बिलाचे सतरा हजार भरले. आईला जीपचे चाळीस रुपये द्यायला गेलो, तर म्हणाली, "मला कशाला? पोथीपुढं ठेव."

ठेवले. मी थांबलो होतो त्याच पानात ते अजून आहेत. खर्चाच्या वहीत कुणाला दिले म्हणून लिहायचं, ते मला ठरवता आलेलं नाही.