फक्त तनूसाठी, रविवारपर्यंत

भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई मी नाही, हे आधीच सांगून टाकते. ऑफिसात कोणाला कोणती फाइल दिसावी आणि कोणाला दिसू नये, हे सांभाळणं ही माझी नोकरी. आमच्याकडे प्रत्येक गोष्टीची नोंद लॉगमध्ये असते, आणि लॉगमध्ये नाही ते घडलंच नाही, असं मी लोकांना तोऱ्यात ऐकवत आले. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय... आणि रडूही.

ऑकलंडला पेनरोजमध्ये आमचं वेअरहाऊस आहे, त्याला चिकटून ऑफिस. तिथे नाशिकरोडचा मिलिंद स्टॉकचं प्लॅनिंग बघायचा. "जय भीम, मेघनाताई! आज कोणाचं दार बंद केलंत?" असं विचारल्याशिवाय त्याचा दिवस सुरू व्हायचा नाही. मी सगळ्यांच्या मागे लागायचे - लिंक जगाला वाटू नका, नाव घालून द्या, नुसतं बघायला द्या, डाउनलोड बंद ठेवा, शेवटची तारीख टाका. बाकीचे इथल्या पद्धतीने "स्वीट ॲज", म्हणजे 'चालतंय की', म्हणायचे आणि पुन्हा उघडी लिंक पाठवायचे. मिलिंद माझी टर उडवायचा, पण ऐकायचा तो एकटाच.

गेल्या हिवाळ्यात तो गेला. मुलीला, तनूला, नेटबॉलला सोडून परत येताना गाडीतच छातीत दुखायला लागलं. बायको सुजाता नर्स. तिच्याच हॉस्पिटलात नेलं, पण काही उपयोग झाला नाही. पुण्यानुमोदनाला आम्ही सगळे गेलो होतो. तनू कोपऱ्यात बसून होती.

माणूस गेला की त्याचं ऑफिसातलं खातं बंद करावं लागतं. ते मीच केलं. कामाच्या फाइल्स मॅनेजरकडे गेल्या. खाजगी फोल्डर उघडायचा अधिकार मला नव्हता, तो नियमाप्रमाणे मुदत संपल्यावर कायमचा पुसला गेला.

त्यानंतर एका रविवारी अवोन्डेलच्या बाजारात सुजाता भेटली. हातात कोथिंबिरीची जुडी. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि ती हळूच म्हणाली, "ताई, एक विचारू का? मिलिंद लंचला गाडीत बसून तनूसाठी गोष्टी रेकॉर्ड करायचा, मराठीत. तिच्या वाढदिवसाला द्यायच्या होत्या. घरच्या फोनवर ती सगळं उघडून बघते ना, म्हणून ऑफिसच्या ड्राइव्हवर ठेवल्या होत्या. म्हणायचा, मेघनाताईंच्या राज्यात एकदम सेफ. त्या मिळतील का?"

म्हणजे पुसला गेला तोच फोल्डर. पुसलेलं परत आणायची मुदतही उलटून गेली होती. तसं सांगितल्यावर ती इतकंच म्हणाली, "असू दे ताई, तुम्ही तरी काय करणार." तिने मला बोल लावला असता तर बरं वाटलं असतं.

तनूचा वाढदिवस पुढच्याच शनिवारी होता. सकाळीच सुजाताचा फोन. "ताई, तनूला मेल आलाय. मिलिंदच्या नावाने. फोल्डर शेअर केलाय म्हणे."

"हात लावू नका!" मी ओरडलेच. मेलेल्या माणसाच्या नावावर फसवणारे लोक असतात, मी ऑफिसात तेच तर शिकवते. लॅपटॉप घेतला आणि तशीच त्यांच्या घरी गेले.

मेल खरा होता. लिंक आमच्याच कंपनीची, आणि पाठवणारं खातं मी स्वतः बंद केलेलं. बाहेरच्या ईमेलवर शेअर करणं तर आमच्याकडे सगळ्यांसाठीच बंद आहे! मी माझ्या लॅपटॉपवरून लॉग तपासला. असं खातं नाही, असा फोल्डर नाही, असं शेअरिंग नाही. आणि तनूच्या स्क्रीनवर तो फोल्डर उघडा. परवानगी फक्त तनूला. नुसतं ऐकायची. डाउनलोड बंद. मुदत रविवारपर्यंत.

मी शिकवलं होतं तस्संच... सगळं. मला तिथेच रडू फुटलं.

"मेघनामावशी, कॅन आय प्ले इट?" तनूने विचारलं. सुजाताने आपला फोन रेकॉर्डिंगला लावून शेजारी ठेवला आणि तनूने पहिली फाइल लावली.

मिलिंदचाच आवाज. मागून फोर्कलिफ्टचा बीप बीप. "तनू, ऐकतेस ना?" मग तो थांबला, उत्तरासाठी जागा सोडल्यासारखा. घरात मराठी बोललं की इंग्लिशमध्ये उत्तर देणारी ही पोर, स्क्रीनकडे बघत म्हणाली, "हो बाबा." तो लहानपणी कॅनॉलवर पोहायला गेला, नवी चप्पल पाण्यात पडली, ती गोष्ट होती. "चप्पल म्हणजे तुमचे जँडल्स गं," असं म्हणून स्वतःच हसला. मध्ये मध्ये तो प्रश्न विचारायचा, थांबायचा, आणि तनू उत्तर द्यायची. सुजाता तोंडावर ओढणी धरून बसली होती. तो आवाज आम्ही तिघींनी ऐकलाय, हे मी कोणासमोरही सांगेन.

शनिवार-रविवार मायलेकींनी सगळं ऐकून काढलं. सोमवारी लिंक बंद. अशी फाइल अस्तित्वात नाही, एवढाच मेसेज. जो मी पहिल्याच दिवशी दिसेल म्हणून धरून चालले होते.

मग सुजाताने फोनवरचं रेकॉर्डिंग लावलं. त्यात मिलिंद नव्हता. बाहेर जाणारी गाडी होती, सुजाताचे हुंदके होते, तनूची सगळी उत्तरं होती. मधल्या जागा रिकाम्या.

त्याने आधीच मेलची वेळ लावून ठेवली असेल, असं माझा नवरा म्हणतो. असेल. पण पुसलेली फाइल वाजते कशी? आणि तिघींना ऐकू येणारा आवाज फोनला का ऐकू येऊ नये? कामावर मी अजून दर आठवड्याला शेअरिंग तपासते. काहीही सापडलेलं नाही.

परवा त्यांच्याकडे गेले तर तनू तेच रेकॉर्डिंग ऐकत होती. एका रिकाम्या जागेत तिचे ओठ हलले. मी विचारलं, "इथे काय म्हणतो बाबा?"

"इथे तो विचारतो, मग चप्पल परत मिळाली का गं?" ती मराठीत म्हणाली.

फोनमधून तिचाच आवाज आला, "नाही बाबा. वाहून गेली."